चारशे रुपये रोज नाकारणारा माणूस: विदर्भातील मजूरटंचाईचे साधे गणित

दसरा उलटून दिवाळी जवळ आली की यवतमाळ, वर्धा, अमरावतीकडील कोणत्याही गावात कास्तकाराच्या तोंडी एकच वाक्य असते: "माणूस भेटूनच नाही राह्यला." सोयाबीनच्या शेंगा वाळून तडकू लागलेल्या असतात, पऱ्हाटीवर पहिला कापूस फुटलेला असतो आणि आकाशात परतीच्या पावसाचे ढग असतात. त्याच गावाच्या पारावर मात्र दुपारी पाच-सात तरुण मोबाइलवर मान घालून बसलेले दिसतात, आणि गावातील शिकलेली मंडळी बेरोजगारीबद्दल बोलत असतात. एकाच गावात काम नाही म्हणणारे आणि माणूस नाही म्हणणारे एकाच वेळी खरे बोलत असतील, हे पटायला जड जाते. म्हणून मग सोपे उत्तर शोधले जाते: लोक आळशी झाले, फुकटचे धान्य मिळते, कुणाला मातीत हात घालायचा नाही.

माझ्या गावातील एका तरुणाचे उदाहरण घेतो. शेतावर त्याला दिवसाला ४०० रुपये मिळत होते. ते सोडून तो नागपूरला एका इमारतीवर महिना ११,००० रुपयांत चौकीदार म्हणून गेला. महिन्याला तीस दिवस धरले तर हा रोज ३६७ रुपयांच्या आसपास येतो, म्हणजे शेतापेक्षा कमी. गावाने त्याला वेड्यात काढले. तो वेडा नव्हता, हे समजून घेतले की मजूरटंचाईचा अर्धा गुंता सुटतो.

टंचाई म्हणजे नेमके काय

लग्नसराईतील मोठ्या तिथीला तालुक्यात एकही आचारी मोकळा सापडत नाही. त्या दिवशी ज्याच्या घरी लग्न असते तो म्हणतो, आचारीच राहिले नाहीत. आषाढात त्याच आचाऱ्याकडे गेलात तर तो घरी बसलेला असतो. आचारी कमी झालेले नसतात, सगळ्यांची लग्ने एका तिथीवर आलेली असतात.

कोरडवाहू शेतीत ही तिथी सप्टेंबरअखेरीस सुरू होते. जून-जुलैत पहिल्या चांगल्या पावसावर सगळ्यांनी एकाच आठवड्यात पेरणी केलेली असते, म्हणून सगळ्यांचे सोयाबीन एकाच आठवड्यात सोंगणीला, म्हणजे कापणीला, येते. सोयाबीन थांबत नाही, कारण उशीर झाला की शेंगा फुटून दाणा मातीत जातो आणि पाऊस आला तर गंजी काळी पडते. ती सोंगणी आटोपते न आटोपते तोच कापसाची वेचणी सुरू होते, आणि ज्यांच्याकडे पाण्याची सोय आहे त्यांना हरभऱ्याची पेरणीही तेव्हाच उरकायची असते. तीन कामे एकाच महिन्यात अंगावर येतात. जानेवारी सरली की मात्र त्याच गावात हाताला काम नसते.

तेव्हा "मजूर नाहीत" या वाक्याचा पूर्ण अर्थ असा असतो: या दरात, या पंधरवड्यात, या अटींवर मजूर नाहीत. यातील प्रत्येक शब्द काढून पाहिला की वेगळे उत्तर निघते.

चारशे मोठे की तीनशे सदुसष्ट

आता त्या चौकीदाराकडे परत येऊ. शेतावर त्याला वर्षात किती दिवस काम मिळत असेल? समजा १५० दिवस. ४०० गुणिले १५० म्हणजे वर्षाला ६०,००० रुपये. चौकीदारीचे ११,००० गुणिले बारा म्हणजे १,३२,००० रुपये. शेतावरच्या रोजीने ही बरोबरी करायची तर त्याला वर्षात ३३० दिवस काम मिळायला हवे, आणि कोरडवाहू गावात तेवढे काम कोणत्याही एका माणसाला मिळत नाही. कास्तकार रोजीचा हिशेब दिवसावर करतो, कारण तो मजुरी दिवसाची देतो. मजूर वर्षावर करतो, कारण चूल ३६५ दिवस पेटवावी लागते. दोघे एकाच व्यवहाराकडे दोन वेगळ्या मापांनी पाहतात आणि एकमेकांना अव्यवहारी ठरवतात.

शहरात खोलीचे भाडे असते, घरचे माणूस लांब राहते आणि रात्रपाळीत झोप मोडते, हे खरे आहे. तरीही महिन्याच्या ठरावीक तारखेला ठरावीक रक्कम येणार ही खात्री हीच एक मोठी कमाई असते. बँकेचे कर्ज, मुलाची फी, मुलाचे लग्न ठरताना विचारला जाणारा "काय करतो?" हा प्रश्न, या सगळ्यांना पगाराचे उत्तर चालते, रोजीचे चालत नाही.

या ठिकाणी अर्थशास्त्रातील एकच संज्ञा लक्षात ठेवू: राखीव मजुरी. जिच्या खाली माणूस काम करण्याऐवजी घरी राहणे किंवा दुसरीकडे जाणे पसंत करतो, ती रक्कम. प्रत्येकाची ती वेगळी असते आणि पर्याय वाढले की ती वर सरकते. आपल्या सोयाबीनला कास्तकार जशी मनाशी एक किंमत धरतो आणि त्याखाली भाव आला तर माल घरीच ठेवतो, तसेच हे आहे. माल घरी ठेवणाऱ्या कास्तकाराला आपण आळशी म्हणत नाही.

मधले दिवस कुठे गेले

पूर्वी हाच मजूर गावात राहत होता, तेव्हाही वेचणीचा हंगाम तेवढाच होता. मग तेव्हा त्याचे भागत कसे होते? या प्रश्नाकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही, आणि माझ्या मते मूळ इथेच आहे.

गुढीपाडव्याला सालदार ठेवण्याची विदर्भातील पद्धत आठवा. पाडव्याला बोली ठरायची, काही रक्कम उचल म्हणून द्यायची, सोबत ज्वारी-गहू आणि कपडे ठरायचे, आणि पुढच्या पाडव्यापर्यंत तो माणूस त्या घराचा. त्याला वर्षभर काम होते, कारण बैलजोडी वर्षभर होती. उन्हाळ्यात नांगरणी-वखरणी, शेणखत वाहणे, धुऱ्याची डागडुजी, पावसाळ्यात पेरणी आणि डवरणी, त्यानंतर मळणी, आणि या सगळ्यांत रोज सकाळ-संध्याकाळ गोठा. बायांना जुलै-ऑगस्टमध्ये निंदणाचे, म्हणजे तण काढण्याचे, दोन-तीन फेरे मिळत, त्यानंतर वेचणी, त्यानंतर तुरीची सोंगणी.

यंत्र आणि औषध आले ते सगळीकडे सारखे आले नाही. ट्रॅक्टरने नांगरणी, वखरणी आणि पेरणी घेतली. बैल विकले गेले, तसा गोठाही गेला आणि सालदाराचे रोजचे काम गेले. तणनाशकाने निंदणाचे फेरे कमी केले. मळणीयंत्राने खळे संपवले. या प्रत्येक वेळी कास्तकाराने योग्यच निर्णय घेतला होता, कारण ते काम यंत्राने स्वस्त आणि लवकर होत होते. पण सगळ्या निर्णयांची बेरीज अशी झाली की वर्षातील मधले दिवस संपले आणि हाताने करावयाची फक्त दोन-तीन कामे उरली, तीही एकाच महिन्यात. बाजाराच्या दिवशीच तेवढे दुकान उघडायला सांगावे आणि उरलेले सहा दिवस गिऱ्हाईक फिरकू नये, तर दुकानदार गाव सोडेल. मजुराने तेच केले. आणि तो गेल्यावर वेचणीला माणूस कुठून यायचा?

वेस्ट इंडीजमधील सेंट लुशिया बेटावर जन्मलेले अर्थशास्त्रज्ञ आर्थर लुईस यांनी १९५४ साली मांडले होते की गरीब देशांच्या खेड्यांत इतकी जास्त माणसे असतात की त्यातली काही शहरात गेली तरी शेतीचे काम अडत नाही आणि मजुरीही वाढत नाही. पण एका टप्प्यानंतर ही शिल्लक संपते आणि मजुरी चढू लागते. लुईस यांना १९७९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे शिल्लक आटू लागली आहे यात शंका नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्राचा प्रजनन दर १.७ आढळला, म्हणजे एका बाईमागे सरासरी दोन मुलेही नाहीत. ज्या घरात पूर्वी चार मुलगे होते तिथे आता एक आहे आणि तो बारावीला आहे. तरीही विदर्भात पूर्ण वर्षाची शिल्लक संपलेली नाही. संपली आहे ती ऑक्टोबर-नोव्हेंबरची.

"मग रोजी वाढवा" म्हणणे सोपे आहे

कास्तकाराची बाजू इथे ऐकली पाहिजे. २०२५-२६ च्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये होता, म्हणजे किलोला ७७ रुपये. वेचाई किलोला १० रुपये धरली तर भावाचा आठवा हिस्सा केवळ कापूस झाडावरून उतरवण्यात जातो. ती १५ रुपये झाली तर जवळजवळ पाचवा हिस्सा जातो. बियाणे, खत, फवारणी आणि ऑटोचे भाडे अजून हिशेबात आलेलेच नाही. शेवटच्या वेचणीत बोंडे लहान आणि कवडी, म्हणजे खराब, कापूस जास्त असतो, तेव्हा बाई दिवसभरात निम्मादेखील माल गोळा करू शकत नाही आणि किलोचा दर परवडत नाही म्हणून दिवसाची रोजी मागते. त्या वेळी अनेक कास्तकार शेतात जनावरे सोडून देतात, आणि त्यांचा हिशेब चुकीचा नसतो.

हॉटेलवाल्याला आचारी महाग पडला तर तो थाळीचा दर दहा रुपयांनी वाढवतो. कास्तकाराच्या हाती ही सोय नाही. कापसाचा भाव तो ठरवत नाही. सरकीचा, गाठीचा आणि परदेशातील कापसाचा भाव मिळून तो ठरतो. म्हणून मजुरी चढली की ती पुढे ढकलता येत नाही, ती घरातल्या घरात सोसावी लागते. मजूर चुकीचा नाही आणि कास्तकारही कंजूष नाही. एका बाजूला नागपूरची चौकीदारी आणि दुसऱ्या बाजूला हमीभाव अशा दोन भिंतींमध्ये दोघे अडकले आहेत.

फुकटचे धान्य आणि दीड हजार रुपये

हा आक्षेप टाळून चालणार नाही, कारण तो गावोगावी घेतला जातो. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा. त्यानुसार प्राधान्य गटातील प्रत्येक व्यक्तीला महिना पाच किलो धान्य मिळते आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. लाडकी बहीण योजनेत जुलै २०२४ पासून पात्र बाईच्या खात्यात महिना १,५०० रुपये जमा होऊ लागले.

याचा मजुरीवर परिणाम होतो का? होतो, आणि तो नाकारणे प्रामाणिकपणाचे नाही. पण तो किती, हे मोजता येते. बाई दिवसाला ३० किलो कापूस वेचते आणि किलोला १० रुपये मिळतात असे धरले तर दीड हजार रुपये म्हणजे वेचणीचे पाच दिवस. महिन्याच्या पाच दिवसांच्या कमाईवर कुणाचे घर चालत नाही. मग या पैशाने घडते काय? ज्या शेतात जायला दोन कोस लागतात, जिथे प्यायला पाणी नसते, जिथला मालक बोलताना तोल सोडतो, तिथे न जाण्याची ऐपत येते. थोडक्यात राखीव मजुरी वर सरकते, आणि पहिला फटका वाईट मालकाला बसतो. हा फटका चांगल्या मालकालाही काही प्रमाणात बसतो, हेही खरे.

शिवाय ही तक्रार या योजनांहून जुनी आहे. सोयाबीनची सोंगणी एकरी उक्त्याने, म्हणजे ठोक रकमेवर, देण्याची पाळी आली ती दीड हजार रुपयांच्या पुष्कळ आधी.

रोजगार हमीने माणसे पळवली का

रोजगार हमीची कल्पना महाराष्ट्राचीच. १९७२ च्या दुष्काळात तिची कामे मोठ्या प्रमाणावर निघाली, १९७७ मध्ये कायदा झाला, आणि २००५ मध्ये तिच्याच धर्तीवर देशाचा कायदा आला. २०२५-२६ साठी महाराष्ट्रातील तिचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. हंगामात पुरुष मजूर शेतावर याहून जास्त कमावतो, तेही संध्याकाळी रोख. हमीचा पैसा बँकेत येईपर्यंत वाट पाहावी लागते. त्यामुळे वेचणीच्या दिवसांत हमीच्या कामाने शेत रिकामे केले असे म्हणता येत नाही. तिचे खरे काम फेब्रुवारी ते मे या काळातले, म्हणजे जे मधले दिवस शेतीतून नाहीसे झाले त्यांच्या जागी काहीतरी भरण्याचे आहे. मेमध्ये गावात काम मिळाले तर माणूस गावात राहतो आणि गावात राहिला तरच ऑक्टोबरात सापडतो. या दृष्टीने पाहिले तर कास्तकाराने हमीच्या कामाचा विरोध करण्याऐवजी उन्हाळ्यात ते निघावे म्हणून ग्रामपंचायतीच्या मागे लागायला हवे.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने या कायद्याच्या जागी नवा कायदा संमत केला. त्यात हमीचे दिवस १०० वरून १२५ केले आहेत आणि पेरणी-कापणीच्या काळात एकूण ६० दिवस ही कामे बंद ठेवण्याची तरतूद आहे. शेतीला माणूस मिळावा हा त्यामागचा हेतू. मात्र वर सांगितलेले गणित बरोबर असेल तर काम बंद ठेवण्यापेक्षा हमीचे १२५ दिवस प्रत्यक्षात मिळतात की नाही, यावर जास्त अवलंबून राहील.

वेचणीला यंत्र का येत नाही

मोठ्या देशांत कापूस यंत्राने वेचतात, मग आपल्याकडे का नाही, असे प्रत्येक दिवाळीला कोणी ना कोणी विचारतो. तिथे कापसाचे झाड बुटके आणि एकसारखे असते, बोंडे जवळजवळ एकदम फुटतात, पाने औषधाने गाळली जातात आणि यंत्र एका फेरीत शेत रिकामे करते. आपली पऱ्हाटी उंच आणि पसरट असते, बोंडे दोन-तीन महिने मागेपुढे फुटत राहतात आणि शेत तीन-चार एकरांचे असते. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ सघन लागवडीवर, म्हणजे बुटकी झाडे दाट लावण्यावर, काम करीत आहेत. ते जमले तर यंत्राची वाट सोपी होईल. तोवर बाईच्या बोटांना पर्याय नाही.

चांगला माणूस टिकतो कशाने

एकाच गावात एकाच दरात एकाकडे बाया येतात आणि शेजाऱ्याकडे येत नाहीत, हे ज्याने पाहिले आहे त्याला या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग ठाऊक असतो. वेचणीला येणारी टोळी एका म्होरक्या बाईच्या शब्दावर चालते. ती दराआधी तीन गोष्टी पाहते. पहिली वजनकाटा: दिवसभर वेचलेल्या कापसाचे गाठोडे संध्याकाळी काट्यावर टाकल्यावर आकडा तिला दिसतो का, आणि ओल म्हणून किलो-दोन किलो कापले जातात का. दुसरी चुकारा: बाजाराच्या दिवशी पैसे हातात पडतात, की "कापूस विकला की देतो" असे ऐकावे लागते. तिसरी, या शेतात सलग किती दिवस काम आहे. दोन दिवसांसाठी कुणी टोळी हलवत नाही.

सालदाराच्या बाबतीत उचलीचा प्रश्न निराळा आहे. उचल घेऊन माणूस अर्ध्या वर्षात निघून गेला, ही तक्रार खोटी नसते. मात्र उचलीच्या बदल्यात माणसाला कामावर बांधून ठेवणे १९७६ च्या वेठबिगारीविरोधी कायद्याने गुन्हा आहे, हे पुष्कळांना माहीत नसते. रक्कम येणे आहे, माणूस येणे नाही. म्हणूनच मोठी उचल देऊन माणूस बांधण्यापेक्षा लहान उचल, दर महिन्याचा ठरलेला पगार आणि पाडव्याला हातात पडणारी शिल्लक ही पद्धत जास्त टिकते. सोडून जाणाऱ्याचे मग काहीतरी मागे राहते. राहायला बऱ्यापैकी खोली आणि आजारपणात कापला न जाणारा रोज, या दोन गोष्टींची किंमत कास्तकाराला कमी पडते आणि सालदाराला ती फार वाटते.

कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या जिनिंगवाल्यांचीही हीच कथा आहे. हंगाम सहा महिन्यांचा, धूळ आणि तंतू नाकात जाणारे, म्हणून स्थानिक माणूस टिकत नाही आणि मध्य प्रदेश किंवा बिहारमधून मुकादमामार्फत टोळ्या आणाव्या लागतात. मेळघाटातील कोरकू कुटुंबे सोंगणीला सपाटीवर उतरतात. गडचिरोली-चंद्रपूरकडचे मजूर मिरची तोडायला तेलंगणात जातात. म्हणजे एका जिल्ह्याची टंचाई दुसऱ्या जिल्ह्याच्या रिकाम्या दिवसांवर भागते, आणि वर्षभराचे काम मजूर स्वतःच पायांनी जोडून घेतो.

शेतावर काय बदलते आहे

निंदणाला बाया न मिळाल्याचा सर्वांत मोठा परिणाम बियाण्यात दिसतो. तणनाशक सहन करणाऱ्या कापसाच्या बियाण्याला देशात परवानगी नसतानाही ते विदर्भात लावले जाते, आणि जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातील अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी ते उघडपणे पेरून दाखवले. त्यामागे विज्ञानाचा वाद आहे, कायद्याचा आहे, पण मुळाशी निंदणाची मजुरी आहे. तणनाशकाने निंदणाचे आणखी दिवस जातात, त्याने आणखी एक टोळी गाव सोडते, आणि वेचणीची अडचण आणखी वाढते. हे चक्र कास्तकार एकट्याने थांबवू शकत नाही.

आमच्याकडे चार कास्तकारांनी गेल्या दोन हंगामांपासून एक साधी गोष्ट करून पाहिली आहे. चौघांनी लवकर आणि उशिरा येणारी वाणे आपसात वाटून घेतली, वेचणीची पाळी ठरवली आणि एकाच टोळीला मिळून पन्नासेक दिवसांचे काम कबूल केले. काटा एक, चुकारा दर बाजाराला, ऑटोचे भाडे चौघांत. टोळी दोन्ही वर्षे आली, दर शेजारच्या गावाइतकाच राहिला. भांडण एकाच गोष्टीवरून होते: दिवाळीपूर्वीची पहिली वेचणी कुणाच्या शेतात, कारण सणाला पैसा प्रत्येकालाच हवा असतो. यंदा त्यांनी चिठ्ठ्या टाकल्या, आणि ज्याची चिठ्ठी शेवटी निघाली तो अजून रुसलेला आहे.